हातघडणीची सायकल : रांग लांब, तारीख अस्पष्ट

दुकानात जाऊन सायकल पसंत करायची आणि त्याच संध्याकाळी घरी आणायची, ही आपल्याकडील रूढ पद्धत. मात्र शिंप्याकडे माप देऊन कपडे शिवून घ्यावेत, तशी स्वतःच्या अंगमापाची सायकल एकाच कारागिराकडून घडवून घेण्याची परंपरा इंग्लंड, इटली, फ्रान्स, जपान आणि अमेरिका या देशांत आजही टिकून आहे. अशा सायकलीसाठी काही महिने थांबणे नित्याचे असते. नामांकित कारागिरांकडे ही प्रतीक्षा वर्षांत मोजली जाते. ग्राहकाने आगाऊ रक्कम भरलेली असते, सायकलीचे चित्र मनात पक्के झालेले असते आणि ठरलेला महिना उलटून गेलेला असतो. कारागीर आणि ग्राहक यांच्यातील बहुतेक तक्रारींचा उगम या टप्प्यावर होतो.

लांब पल्ल्याची सायकलस्वारी आता भारतातही रुजली आहे. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनुसार २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या बीआरएम मोहिमा आपल्याकडे नियमितपणे होतात. पुण्यात बांबूची फ्रेम हाताने बांधण्याचे प्रयोगही झाले आहेत. दिवसभर खोगिरावर बसणाऱ्याला मापातील एक-दोन सेंटिमीटरचा फरक पाठीत आणि गुडघ्यात जाणवतो. त्यामुळे मापाच्या सायकलीचा विचार करणारे वाढत असून या व्यवहारात वेळ नेमका कुठे जातो आणि ग्राहकाने कोणती अपेक्षा ठेवणे रास्त आहे, हे समजून घेणे उपयुक्त ठरते.

हातघडणीची सायकल म्हणजे काय?

सायकलीचे सगळेच भाग कारागीर घडवत नाही. ब्रेक, गिअर, चेन, टायर आणि बहुधा रिमसुद्धा कारखान्यातूनच येतात. हाताने घडते ती फ्रेम आणि अनेकदा पुढचा चिमटा. ग्राहकाची उंची, पायांची व हातांची लांबी, खांद्यांची रुंदी, शरीराचा लवचीकपणा, जुनी दुखणी, वजन आणि सायकल कोणत्या कामासाठी हवी आहे, हे पाहून कारागीर फ्रेमचे कोन आणि नळ्यांची लांबी ठरवतो. सीटची नळी जमिनीशी साधारण ७३ अंशांचा कोन करते. या कोनात एका अंशाचा फरक केला तरी पॅडलच्या संदर्भात बसण्याची जागा सेंटिमीटरभर पुढेमागे सरकते.

नळ्या मात्र ठरावीक कंपन्यांच्या असतात. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीच्या घराण्यातून १८९७ मध्ये दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले गेले. १९३५ मध्ये आलेल्या तिच्या ‘५३१’ या मिश्रपोलादी नळीने पुढील कित्येक दशके शर्यतीच्या सायकलींवर अधिराज्य केले. इटलीत १९१९ पासून कोलंबस हे नाव याच कामासाठी ओळखले जाते. अशा नळीची जाडी टोकांना सुमारे ०.८ मिलिमीटर, तर मध्यभागी ०.५ मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असू शकते. इतक्या पातळ पोलादाला सांध्यापाशी जास्त उष्णता लागली, तर ते कमकुवत होते. कारागिराची परीक्षा येथे लागते.

एका फ्रेमला लागणारा वेळ

काम आराखड्यापासून सुरू होते. मापे, जुन्या सायकलीची मापे, पत्रव्यवहार आणि पुन्हा दुरुस्त्या यांत काही तास सहज जातात. त्यानंतर प्रत्येक नळीचे टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईवर फट न राहता बसेल, अशा बेताने माशाच्या तोंडासारखे कापले जाते. नळ्या साच्यात आवळून सांधे जोडले जातात. पारंपरिक पद्धतीत नळ्या ‘लग’ नावाच्या पोलादी कोंदणात बसवून त्यात वितळलेले पितळ किंवा चांदीचा मिश्रधातू ओततात. पितळी जोडाला सुमारे ९०० अंश सेल्सिअस, तर चांदीच्या जोडाला सुमारे ६५० अंश तापमान लागते. काही कारागीर लगशिवाय पितळाचा गुळगुळीत सांधा करतात, तर काही टिग वेल्डिंग वापरतात. टायटॅनियमच्या फ्रेममध्ये तर नळीच्या आतूनही आर्गन वायू सोडावा लागतो. तसे न केल्यास तापलेला धातू हवेतील वायू शोषून ठिसूळ होतो.

सांधे जोडल्यावर फ्रेम सपाट पाटावर ठेवून तिचा सरळपणा तपासतात, कानशीने सांधे साफ करतात, पॅडलच्या कण्याचे आटे पाडतात आणि ब्रेक, बाटली व कॅरिअर यांसाठी लहान जोड लावतात. सर्व मिळून एका साध्या पोलादी फ्रेमला अनुभवी हातांचे २० ते ४० तास लागतात. नक्षीदार लग किंवा खास कॅरिअर असेल, तर हा आकडा वाढतो. रंगकाम बहुधा दुसऱ्या कार्यशाळेत होते आणि तेथे आणखी एक रांग असते. थर देणे, वाळवणे, घासणे आणि पुन्हा थर देणे या कामात घाई केल्यास रंग सोलतो.

येथे ग्राहकाच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो. काम जर एका आठवड्याचे, तर प्रतीक्षा दोन वर्षांची का? उत्तर फ्रेममध्ये नसून रांगेत आहे.

रांगेचे गणित

एकट्याने काम करणारा कारागीर आठवड्याला एक फ्रेम पूर्ण करतो, असे धरू. सुट्ट्या, आजारपण, हिशेब, पत्रे आणि दुरुस्त्या वजा जाता वर्षाला ५० फ्रेम होतात. त्याच्या वहीत १५० नावे असतील, तर आज नाव नोंदवणाऱ्याला तीन वर्षे थांबावे लागणार. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगांचा प्रसिद्ध नियम हेच सांगतो : रांगेतील संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा काळ.

अशी रांग प्रसिद्धीच्या एका लाटेनेच वाढते असे नाही. वर्षाला ५० फ्रेम करणाऱ्याकडे ६० मागण्या येत राहिल्या, तर दरवर्षी दहा नावे शिल्लक पडतात. दहा वर्षांत ती शंभर होतात आणि प्रतीक्षा दोन वर्षांवर पोहोचते. या काळात कारागिराने आळस केलेला नसतो की ग्राहकाला फसवलेले नसते. मात्र दहाव्या वर्षी येणाऱ्या ग्राहकालाही तो पहिल्या वर्षीच्या सवयीने ‘सहा महिन्यांत देतो’ असे सांगत असेल, तर दोष सुरू होतो.

कारागिरापुढे तीन मार्ग असतात. किंमत वाढवणे, मदतनीस ठेवून उत्पादन वाढवणे किंवा वही बंद करणे. किंमत वाढवताना जुने ग्राहक दुरावतील ही भीती असते. मदतनीस ठेवल्यास ‘हे काम खुद्द त्यांच्या हातचे आहे का’ असा प्रश्न येतो, कारण ग्राहक नावासाठीच आलेला असतो. वही बंद करणे सर्वांत प्रामाणिक, पण सर्वांत अवघड. हाताशी आलेले काम नाकारण्याचे धैर्य छोट्या व्यावसायिकाकडे क्वचितच असते.

काही प्रसिद्ध रांगा

अमेरिकेचे रिचर्ड सॅक्स हे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी लंडनच्या विटकॉम्ब कार्यशाळेत हे काम शिकून ते मायदेशी परतले आणि १९७५ मध्ये कनेटिकट राज्यातील चेस्टर येथे त्यांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला. लगच्या पोलादी फ्रेमचे काम ते एकट्याने करत राहिले. त्यांची प्रतीक्षायादी कित्येक वर्षांवर गेली आणि अखेरीस त्यांनी नव्या मागण्या घेणे थांबवले. ऑरेगन राज्यातील पोर्टलंडचे साशा व्हाइट यांच्या ‘व्हॅनिला’ सायकलींची यादी पाच वर्षांच्या घरात पोहोचली, तेव्हा त्यांनीही ती बंद केली. पुढे त्यांनी ‘स्पीडव्हॅगन’ या नावाने, ठरावीक आराखड्यांवर आधारलेल्या आणि त्यामुळे लवकर देता येणाऱ्या सायकली सुरू केल्या. निवडीचे स्वातंत्र्य थोडे कमी केले की वेळ बराच वाचतो, हे त्यातून दिसले.

इटलीचे दारिओ पेगोरेत्ती यांनी अपेक्षांचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. त्यांच्या रंगकामाच्या एका प्रकारात ग्राहक रंगाचा निर्णय पूर्णपणे कारागिरावर सोपवत असे. फ्रेम हाती येईपर्यंत ती कशी दिसेल, हे त्याला ठाऊक नसे. ज्याला हे मान्य नसेल, त्याने दुसरा प्रकार निवडावा, इतका हा करार स्पष्ट होता. ऑगस्ट २०१८ मध्ये पेगोरेत्ती यांचे निधन झाले. त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यशाळा पुढे चालवली. मात्र एका व्यक्तीच्या हातावर उभा असलेला व्यवसाय त्या व्यक्तीच्या प्रकृतीवरही उभा असतो, याची जाणीव अशा प्रसंगी रांगेतील प्रत्येकाला होते.

नावलौकिक म्हणजे आर्थिक सुरक्षितता नव्हे, हे इंग्लंडमधील डर्बीच्या ‘मर्सियन’ने दाखवले. १९४६ पासून हाताने फ्रेम घडवणाऱ्या या प्रतिष्ठित संस्थेने मे २०२४ मध्ये व्यवसाय बंद होत असल्याचे जाहीर केले. स्थानिक सायकलप्रेमींच्या एका गटाने ती विकत घेतली आणि काम पुन्हा सुरू झाले. सर्वच कार्यशाळांच्या वाट्याला असे तारणहार येत नाहीत.

आगाऊ रकमेचा पेच

नाव नोंदवताना घेतल्या जाणाऱ्या रकमेचे स्वरूप समजून घेणे ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. काही कारागीर नाममात्र रक्कम घेतात. तिचा हेतू एकच असतो, हौस म्हणून चार ठिकाणी नाव घालणाऱ्यांना आवर घालणे. काही जण मात्र किमतीचा तिसरा हिस्सा किंवा निम्मी रक्कम पहिल्याच दिवशी मागतात.

नळ्या आणि सुटे भाग आणण्यासाठी काम सुरू होताना घेतलेली रक्कम समजण्यासारखी आहे. पण काम दोन वर्षांनी सुरू होणार असताना आज घेतलेले पैसे बहुधा चालू महिन्याच्या भाड्यात आणि वीजबिलात जातात. मग जुन्या मागणीची फ्रेम पूर्ण केल्यावर हाती फक्त उरलेली रक्कम येते आणि ती खर्चाला पुरत नाही. तूट भरून काढण्यासाठी नवी मागणी घ्यावी लागते, तिची आगाऊ रक्कम पुन्हा घरखर्चात जाते. या चक्रात सापडलेला कारागीर लबाड असतोच असे नाही. अनेकदा तो उत्तम कारागीर आणि कच्चा हिशेबनीस असतो. तथापि असा व्यवसाय बुडाल्यास आगाऊ रक्कम भरलेला ग्राहक सामान्यतः विनातारण धनकोंच्या रांगेत उभा राहतो आणि त्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

ग्राहकाची अपेक्षा कुठे चुकते?

सगळा दोष कारागिराच्या पदरात घालणे न्यायाचे होणार नाही. अमेरिकेत २००५ मध्ये ह्यूस्टन येथे हातघडणीच्या सायकलींचे पहिले मोठे प्रदर्शन भरले आणि पुढे ते दरवर्षी वेगवेगळ्या शहरांत होऊ लागले. तेथे मांडलेल्या सायकली कारागिराने आपली सारी कला ओतून केलेल्या असत. त्यांची छायाचित्रे पाहून मागणी नोंदवणाऱ्याला तशाच झळाळीची अपेक्षा असते, पण किंमत मात्र साध्या फ्रेमची ठरलेली असते.

दुसरी चूक म्हणजे हातघडण आणि निर्दोषता यांना समानार्थी मानणे. चांगल्या कारखान्यातील फ्रेमही सरळ, मजबूत आणि बहुधा वजनाने हलकी असते. हातघडणीच्या फ्रेमचे मोल अचूक मापात, नेमक्या उपयोगात आणि दुरुस्त करता येण्यात आहे. मधल्या उंचीच्या, सामान्य अंगयष्टीच्या स्वाराला तयार सायकलच पुरेशी ठरू शकते, आणि प्रामाणिक कारागीर तसे सांगतोही.

तिसरी अडचण काळाची. तीन वर्षांत ग्राहकाचे वजन बदलते, गुडघा दुखू लागतो, आवड बदलते. सायकलीचे तंत्रही थांबत नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१८ मध्ये रस्त्यावरील शर्यतींसाठी डिस्क ब्रेकला पूर्ण मान्यता दिली. त्याआधीच्या काही वर्षांत रिम ब्रेकची फ्रेम मागितलेल्या अनेकांना वाट पाहता पाहता मत बदलावे लागले. मधेच केलेला असा बदल म्हणजे नवा आराखडा, वेगळ्या नळ्या आणि वेगळा चिमटा. ग्राहकाला तो ‘छोटासा बदल’ वाटतो, कारागिराचा मात्र एक आठवडा जातो आणि मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाची तारीख पुढे ढकलली जाते. २०२० आणि २०२१ मध्ये जगभर सायकलींची मागणी अचानक वाढली, तेव्हा फ्रेम तयार असूनही गिअर आणि ब्रेकअभावी सायकली कार्यशाळेत अडकून पडल्या. हा विलंब कारागिराच्या हाताबाहेरचा होता.

न सांगितलेली प्रतीक्षा

रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या मनाचा विचार डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मधील आपल्या प्रसिद्ध लेखात केला आहे. अनिश्चित प्रतीक्षा निश्चित प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते, कारण न सांगितलेली प्रतीक्षा कारण सांगितलेल्या प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते आणि वस्तू जितकी मोलाची तितका माणूस अधिक थांबायला तयार असतो, ही त्यातील काही निरीक्षणे. सायकलीच्या व्यवहारात ती तंतोतंत लागू पडतात. तीन वर्षे थांबायचे आहे हे पहिल्या दिवशी कळलेला ग्राहक शांतपणे थांबतो. आठ महिने सांगून अकराव्या महिन्यापर्यंत पत्राला उत्तर न मिळालेला ग्राहक चिडतो. त्याचे प्रत्येक चौकशीपत्र कारागिराचा कामाचा वेळ खाते आणि उत्तर देण्याची लाज वाटून कारागीर आणखी गप्प बसतो. मौनाने विलंब वाढतो आणि विलंबाने मौन.

कायदा काय सांगतो?

ब्रिटनमध्ये २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार वेगळे ठरले नसेल तर माल ३० दिवसांत द्यावा लागतो. ठरलेली मुदत उलटल्यास ग्राहक वाजवी वाढीव मुदत देऊ शकतो आणि तीही न पाळल्यास करार संपवू शकतो. मात्र दूरस्थ खरेदीत मिळणारी १४ दिवसांत माघार घेण्याची सवलत ग्राहकाच्या मापाने बनवलेल्या वस्तूंना लागू नाही. अमेरिकेत टपाल, दूरध्वनी किंवा इंटरनेटवरून घेतलेल्या मागणीबाबत विक्रेत्याने सांगितलेल्या मुदतीत माल पाठवणे, आणि विलंब होत असल्यास ग्राहकाला कळवून रक्कम परत घेण्याचा पर्याय देणे, असा संघीय व्यापार आयोगाचा नियम आहे.

भारतात १८७२च्या करार कायद्याचे कलम ४६ सांगते की, मुदत ठरलेली नसेल तर काम ‘वाजवी वेळेत’ व्हायला हवे. कलम ५५नुसार मुदत हा कराराचा गाभा असल्यास ती चुकल्यावर करार रद्द करता येतो. मात्र उशिरा आलेली वस्तू स्वीकारताना भरपाईचा हक्क राखून ठेवत असल्याचे कळवले नाही, तर तो हक्क जातो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. त्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. परदेशी कारागिराविरुद्ध या तरतुदींची अंमलबजावणी करणे प्रत्यक्षात अवघड असल्याने लेखी अटींनाच अधिक महत्त्व येते.

मागणी नोंदवण्यापूर्वी

ग्राहकाने चार गोष्टी लेखी मागाव्यात. आपल्या आधी किती नावे आहेत आणि वर्षाला किती फ्रेम पूर्ण होतात, हे दोन आकडे मिळाले की भागाकार करून खरी प्रतीक्षा स्वतःलाच काढता येते. आगाऊ रक्कम किती, ती केव्हा लागू होते आणि कोणत्या परिस्थितीत परत मिळते, हे स्पष्ट असावे. आराखडा कोणत्या दिवशी पक्का होईल व त्यानंतरच्या बदलांची किंमत काय, हे ठरावे. रंगकाम, सुटे भाग, वाहतूक आणि सीमाशुल्क यांपैकी किमतीत काय धरले आहे, हेही विचारून घ्यावे. कार्यशाळेतून अलीकडे सायकल मिळालेल्या दोन-तीन ग्राहकांशी बोलल्यास सांगितलेली तारीख आणि प्रत्यक्षात मिळालेली तारीख यांतील अंतर कळते. मापे मात्र नोंदणीच्या दिवशीची न वापरता काम सुरू होताना पुन्हा घ्यावीत.

कारागिरासाठी नियम याहून सोपा आहे. वहीतील नावे मोजून तारीख सांगावी, ती चुकणार असे दिसताच ग्राहकाने विचारण्याआधी कळवावे आणि ज्यांचे काम सुरू नाही त्यांचे पैसे खर्चात धरू नयेत. रांग लांब असणे ही कौशल्याला मिळालेली पावती आहे. त्या रांगेतील प्रत्येकाला आपली जागा ठाऊक असणे ही सचोटीची. या धंद्यात ज्यांची नावे टिकली, त्यांच्यापैकी अनेकांनी एका टप्प्यावर नवे नाव लिहून घेण्यास नकार दिला होता.